कोकोपीटमधल्या स्ट्रॉबेरीला क्षार किती झेपतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईच्या खालच्या अंगाला दोन भावांचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. यंदा पहिल्यांदाच त्यांनी माती सोडून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या, ग्रो बॅगमध्ये विंटर डॉन जातीची स्ट्रॉबेरी लावली. पाणी बोअरचं, त्याचा ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षाराचं माप, ०.९. खत घालून टाकीत १.९ करतात. डिसेंबर निम्मा सरला तशा जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळल्या आणि फळ बारीक पडायला लागलं. एका दुकानदाराने खत कमी पडतंय म्हणून सांगितलं, दुसऱ्याने करपा आलाय म्हणत बुरशीनाशक दिलं. दोन फवारण्या झाल्या, फरक शून्य. आता विचारतात, "स्ट्रॉबेरी नक्की किती ईसी सहन करते? एक आकडा सांगा, तेवढा धरून चालतो."

आकडा सांगते. पण आधी तुमच्याकडून फोनवर जे मोजून घेतलं ते इथे लिहिते, कारण खरं उत्तर त्यात आहे. तुम्ही एका बॅगेखाली ट्रे ठेवला आणि एक ड्रीपर काढून बाटलीत सोडला. दिवसभरात बाटलीत ५०० मिली पाणी जमलं. बॅगेला चार ड्रीपर, म्हणजे आठ रोपांच्या त्या बॅगेला २ लिटर पाणी गेलं. ट्रेमध्ये मात्र जेमतेम १४० मिली उतरलं, म्हणजे शंभरातलं सात. त्या उतरलेल्या पाण्याचा ईसी ३.८. मग दोन ड्रीपरच्या मधलं मूठभर कोकोपीट घेऊन पिळलं, तर ४.६.

तुमची झाडं १.९ वर जगत नाहीत, चारच्या वर जगतायत. टाकीचा मीटर तुम्हाला रोज खरं सांगत होता, पण भलत्याच जागेचं.

आता आकडा. क्षाराच्या बाबतीत स्ट्रॉबेरी हे अगदी नाजूक पिकांपैकी एक. १९७७ साली मास आणि हॉफमन या दोघांनी पिकांच्या क्षार सहनशीलतेचे आकडे एकत्र मांडले, तेच आजही जगभर वापरतात. त्यात गव्हाला ६.० पर्यंत काही होत नाही, टोमॅटोला २.५ पर्यंत, उसाला १.७ पर्यंत. स्ट्रॉबेरीची मर्यादा १.०. आपल्या साताऱ्याचा घेवडाही १.० वरच अडतो. पण मर्यादा ओलांडल्यावर घेवड्याचं उत्पन्न दर एक ईसीमागे १९ टक्क्यांनी घटतं आणि स्ट्रॉबेरीचं ३३ टक्क्यांनी. म्हणजे २.० ला एक तृतीयांश माल गेला, २.५ ला निम्मा, ४.० ला काही उरत नाही.

हे आकडे बघून घाबरू नका, आणि ते जसेच्या तसे बॅगेलाही लावू नका. ते मातीचे आहेत. त्यात माती पाण्याने चिखलासारखी पूर्ण भिजवून तिचा अर्क काढतात आणि त्या अर्काचा ईसी मोजतात. शेतात नेहमीच्या वाफशाला मुळाभोवती जे पाणी असतं ते त्या अर्काच्या साधारण दुप्पट तीव्र असतं. म्हणून मातीचा १.० म्हणजे मुळाला प्रत्यक्ष लागणारा सुमारे २.०. कोकोपीटमधून पिळून किंवा निचऱ्यातून आपण जे मोजतो ते मुळाला लागणारंच पाणी. तेव्हा बॅगेपुरता माझा आकडा असा: निचऱ्याचा ईसी २.० च्या आत राहिला पाहिजे आणि टाकीपेक्षा ०.५ हून जास्त वर जाता कामा नये. रोपं लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे टाकीत ०.८ ते १.०, पानं वाढताना १.२ च्या आसपास, फुलं-फळं लागल्यावर १.३ ते १.६. फेब्रुवारीत ऊन चढलं की त्यातूनही ०.२ कमी.

बॅगेत झाडाला एक सोय असते. कोकोपीट पाणी घट्ट धरून ठेवत नाही, मुळाला ते सहज ओढता येतं, म्हणून तेवढ्याच ईसीला बॅगेतलं झाड मातीतल्यापेक्षा थोडं सुखात असतं. पण एका रोपाच्या वाट्याला दोनच लिटर कोकोपीट येतं. मातीत चूक झाली तर खालचा थर ती आठवडाभर झेलतो, बॅगेत एका उन्हाच्या दुपारीच क्षार वर चढतो. दोन पाण्यांच्या मधे बॅग सुकली की उरलेल्या पाण्यात तेवढाच क्षार राहतो, आणि सकाळी १.८ असलेला दुपारी अडीचच्या पुढे जातो.

आता माझा मूळ मुद्दा. किती ईसी सहन होतो एवढंच विचारू नका. तो ईसी कशाचा बनलाय तेही विचारा.

ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून एक आकडा. त्यात झाड खातं ते नायट्रेट, पोटॅशियम, कॅल्शियम असतं, आणि झाड जवळपास शिवतही नाही ते सोडियम आणि क्लोराइडही असतं. क्लोराइड झाडाला कणभरच लागतं आणि सोडियमवाचून स्ट्रॉबेरीचं काहीच अडत नाही. जे खाल्लं जातं ते बॅगेतून कमी होतं. जे खाल्लं जात नाही ते बॅगेतच राहतं, आणि त्याला बाहेर जायला एकच वाट आहे, निचरा.

हिशोब करून बघा. समजा तुमच्या बोअरच्या पाण्यात सोडियम २.५ मिलीइक्विव्हॅलंट आहे, लिटरला साधारण ५७ मिलिग्रॅम. हे पाणी वाईट नाही. पण शंभर भाग पाणी दिलं आणि सातच भाग खाली उतरलं, तर शंभर भागांतला जवळपास सगळा सोडियम त्या सात भागांतूनच बाहेर पडायला हवा. म्हणजे हळूहळू बॅगेतलं पाणी चौदा पट तीव्र होत ३५ कडे सरकतं. निचरा २५ टक्के ठेवला तर चौपट, म्हणजे १०. निचरा ३५ टक्के, तर ७ च्या आसपास. झाड थोडा सोडियम घेतं म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा कमी येतो, पण दिशा तीच. दर १० मिलीइक्विव्हॅलंट मिठामागे ईसी साधारण १.१ ने वाढतो. तुमचा निचरा ३.८ कसा झाला हे यावरून कळेल. तुम्ही खत जास्त घातलं हे खरं, पण बॅग खारट झाली ती मुख्यतः पाणी जपून दिल्यामुळे. पाणी वाया जाऊ नये म्हणून तुम्ही निचरा रोखलात. मातीत ती सवय सोन्यासारखी आहे. बॅगेत तीच नडली.

म्हणून पाण्याचा नुसता ईसी सांगून भागत नाही. बोअरचा ०.९ हा दोन अगदी वेगळ्या पाण्यांचा असू शकतो. आपल्याकडच्या काळ्या कातळातल्या पुष्कळ बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट जास्त असतं. हे जड पाणी: भांड्यावर पांढरा थर बसतो, डाळ लवकर शिजत नाही. समजा त्यात मिलीइक्विव्हॅलंटमध्ये कॅल्शियम ३.५, मॅग्नेशियम २.५, सोडियम २.५, आणि दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ६, क्लोराइड १.५, सल्फेट १. ईसी ०.९ च्या आतबाहेर. दुसरं पाणी मचूळ: सोडियम ६, क्लोराइड ५, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दीड-दीड. ईसी तोच ०.९. पहिल्या पाण्यात मी निर्धास्त स्ट्रॉबेरी लावेन. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम झाडाच्या उपयोगाचं आहे, तेवढं खतातून कमी द्यायचं. बायकार्बोनेट नायट्रिक आम्लाने मारायचं, अर्धा ते एक मिलीइक्विव्हॅलंट शिल्लक ठेवून, पीएच ५.५ ते ६.० वर आणून. मीटरवर ईसी फारसा हलणार नाही, पण जिथे निरुपयोगी बायकार्बोनेट होतं तिथे आता नायट्रेट आलं, म्हणजे खत आलं. दुसऱ्या पाण्याला असं काही करता येत नाही. ते पातळ करायचं किंवा सोडून द्यायचं, तिसरा मार्ग नाही.

तेव्हा पहिलं काम, बोअरचं पाणी प्रयोगशाळेत द्या. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा चांगल्या खासगी प्रयोगशाळेत. "पाणी तपासा" एवढंच म्हणाल तर पीएच आणि ईसी लिहून कागद देतील. सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, बोरॉन हे सगळं नावानिशी मागा. सोडियम आणि क्लोराइड प्रत्येकी २ मिलीइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर निवांत राहा. ३ असेल तर निचरा सांभाळून जमतं. ४ च्या वर मी कुणालाही बॅगेत स्ट्रॉबेरी लावायला सांगत नाही.

आणि हो, पाणी जड आहे म्हणून कुणी मीठ घालून चालणारं सॉफ्टनर विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ते यंत्र पाण्यातलं कॅल्शियम काढून तेवढाच सोडियम घालतं. ईसी तसाच राहतो आणि चांगलं पाणी वाईट होतं.

मीटरबद्दलही बोलायला हवं, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे. पेनासारखा टीडीएस मीटर असतो ना, तो पीपीएम दाखवतो. पण तो मोजतो ईसीच आणि आत एका आकड्याने गुणून पीपीएम करतो. काही मीटर ५०० ने गुणतात, काही ७०० ने. म्हणजे ७०० पीपीएम दिसलं तर एका मीटरवर ईसी १.४ आणि दुसऱ्यावर १.०. एका हंगामात मी आणि माझी शेतकरी मैत्रीण रोज फोनवर आकडे बोलायचो, आणि दोघींचे मीटर वेगळे. तिच्या बॅगा दीड महिना चाळीस टक्के जास्त खतावर चालल्या आणि आम्हाला पत्ता नाही. तेव्हापासून मी पीपीएम ऐकूनच घेत नाही. ईसी दाखवणारा मीटर घ्या आणि १.४१३ च्या प्रमाण द्रावणाची बाटली शेडमध्ये ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा मीटर त्यात बुडवून जुळवून घ्या.

आता पानांकडे या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जुन्या, बाहेरच्या पानांच्या कडा करपल्यात, दात्यांपासून आत सरकत गेलेली तपकिरी पट्टी आहे, आणि पट्टीच्या आतला भाग गर्द निळसर हिरवा आहे. हा रोग नाही. करपा रोगात पानभर जांभळट ठिपके येतात, ते कडा धरून एकसारखे चालत नाहीत. क्षाराचा मार झाडाला दोनदा बसतो. आधी पाणी ओढता येत नाही: झाड पानांची तोंडं मिटून घेतं, पान लहान आणि गर्द होतं, फळ फुगत नाही. हे काही दिवसांतच दिसतं. दुसरा मार आठवड्यांनी बसतो. क्लोराइड आणि सोडियम पाण्यासोबत चढत जुन्या पानांच्या कडेला साठतात आणि तिथला पेशीसमूह मारतात. तुमच्याकडे दोन्ही झालंय.

नव्या, मधल्या कोवळ्या पानांची टोकं काळी पडून चुरगळली असतील तर ते वेगळं, ती कॅल्शियमची उणीव. पण तिचंही मूळ बऱ्याचदा क्षारातच असतं. कोवळं न उघडलेलं पान दिवसा पाणी उडवत नाही, म्हणून दिवसा त्याच्याकडे कॅल्शियम जातच नाही. ते जातं रात्री, मुळांच्या दाबाने. बॅग खारट असली की तो दाब तयार होत नाही.

हा दाब तुम्हाला मीटरशिवाय बघता येतो. सूर्य उगवायच्या आधी पॉलिहाऊसमध्ये जा, बॅटरी आडवी धरून पानं बघा. निरोगी स्ट्रॉबेरीच्या पानाच्या प्रत्येक दात्यावर पाण्याचा एकेक थेंब उभा असतो, ओळीने मोती ओवल्यासारखा. ते दव नाही. दव पानभर पसरतं, हे थेंब फक्त दात्यांच्या टोकाला असतात. झाडाने रात्रभर मुळांनी पाणी वर ढकललं, ते कडेच्या छिद्रांतून बाहेर आलं. हे मोती दिसले की समजा बॅगेत पाणी आहे, क्षार आटोक्यात आहे आणि कोवळ्या पानाला कॅल्शियम पोचतंय. ओळीच्या ओळी कोरड्या दिसल्या तर त्या दिवशी सगळ्यात आधी तिथला निचरा मोजा. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी हेच शिकवलंय. मीटर त्यांनी कधी हातात धरला नाही, पण कुठली ओळ बिघडतेय ते त्या माझ्याआधी सांगतात. थेंब वाळल्यावर दात्यावर पांढरा कण उरत असेल तर तोही क्षारच.

आता कोकोपीट. तुम्ही म्हणालात, बॅगांवर "धुतलेलं, कमी ईसी" असं छापलं होतं. माझ्या पहिल्या वर्षी मीही त्याच छापील शब्दांवर विसंबले होते. ऑक्टोबरात तीन हजार रोपं लावली, खत मोजून, पाणी डोंगराचं, ईसी ०.१. तरी तीन आठवड्यांत कोवळी पानं टोकाला काळी. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅशियम, सोडियम, क्लोराइड भरपूर असतं, आणि खाऱ्या पाण्यात कुजवलेलं सोडण असेल तर आणखी. साध्या पाण्याने धुतलं की पाण्यात सुटलेलं मीठ जातं आणि मीटर ०.३ दाखवतो. पण कोकोपीटच्या धाग्याला चिकटलेला सोडियम आणि पोटॅशियम तसाच बसून राहतो. मग आपण कॅल्शियम नायट्रेट देतो, तेव्हा कॅल्शियम धाग्याला चिकटतो आणि सोडियमला पाण्यात ढकलतो. म्हणजे झाडाला कॅल्शियम मिळत नाही, वर सोडियम मिळतो. त्या वर्षी निम्मी रोपं मी उपटली.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. दाबलेल्या कोकोपीटची पाच किलोची वीट फुगवून एकदा साध्या पाण्याने धुवायची, मग १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट ४० लिटर पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर भिजत ठेवायची, आणि सकाळी पिळलेल्या पाण्याचा ईसी ०.६ च्या खाली येईपर्यंत पुन्हा धुवायची. बॅगा तयार आल्या असतील तर रोपं लावण्याआधी हेच ड्रीपमधून करायचं. तुम्ही हे केलेलं नाही असं मी धरून चालते.

याच कारणाने तुमच्या आत्ताच्या बॅगा नुसत्या साध्या पाण्याने धुऊ नका. तो सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. साध्या पाण्याने नायट्रेट आणि खत वाहून जाईल, धाग्यावरचा सोडियम हलणार नाही. धुवायचं ते कॅल्शियमच्या पाण्याने. तुमचं पाणी ०.९ आहे, त्यात लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलं की ईसी १.५ च्या आसपास होईल, पीएच ५.८ ला आणा. धोमच्या कालव्याचं पाणी मिळत असेल तर मीटर लावून बघा. बोअरपेक्षा हलकं निघालं तर निम्मं-निम्मं मिसळा, पण गाळून आणि निर्जंतुक करून, नाहीतर क्षार जाईल आणि मूळकूज येईल. दर बॅगेमागे १२ ते १५ लिटर पाणी लागेल. ते एका दमात सोडू नका, तीन दिवसांत विभागा. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत दर अर्ध्या तासाने थोडं थोडं, म्हणजे पाणी ड्रीपरखालून सरळ भोक पाडून न जाता बॅगेत आडवं पसरेल. कोपऱ्यातला क्षार असाच निघतो. बॅगेच्या वर, रोपाच्या गड्ड्याजवळ पांढरी खपली धरली असेल तर ती हाताने उचलून टाका. पाण्याने खाली ढकललीत तर तोच क्षार मुळांत जाईल.

तीन दिवसांनी पुन्हा पिळून मोजा. दोनच्या जवळ आलं की नेहमीच्या खतावर या, टाकीत १.५. निचरा २५ ते ३० टक्के ठेवायचा. तुमच्या मापात बॅगेला २ लिटरऐवजी साधारण २.६ लिटर द्यायचं आणि ट्रेमध्ये सातशे-पावणेआठशे मिली उतरलं पाहिजे. पाळ्या वाढवा, वेळ वाढवू नका: दोन-तीन मिनिटांच्या सहा ते आठ पाळ्या. पहिली सूर्योदयानंतर तासाभराने, शेवटची मावळतीच्या दोन तास आधी, म्हणजे थंडीच्या रात्री बॅग गच्च ओली राहणार नाही.

खतांमध्ये १९:१९:१९ बंद करा. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. युरिया विरघळला तरी मीटरवर दिसत नाही, म्हणजे तुम्ही मोजता त्याहून जास्त देत असता. शिवाय पुढे त्याचं अमोनियम होतं आणि ते कॅल्शियमच्या आड येतं. कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५, ०:५२:३४, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं एवढ्यात सगळं बसतं, कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या टाकीत. पोटॅश हवं म्हणून कुणी म्युरेट ऑफ पोटॅश सुचवेल, स्वस्त पडतं म्हणून. त्यात जवळपास निम्मं क्लोराइड असतं. स्ट्रॉबेरीच्या बॅगेच्या आसपासही ते फिरकू देऊ नका. भुरीसाठी खायचा सोडा फवारत असाल तर त्याऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट घ्या. ड्रीप साफ करायला सोडियम हायपोक्लोराइट वापरत असाल तर ते पाणी बॅगेत न सोडता लाइनच्या टोकातून बाहेर काढा. सोडियम अशा बारीकसारीक वाटांनीच आत येतो.

जात बदलून फरक पडतो का, हाही प्रश्न पुढे येईल. पडतो, पण थोडा. युरोपात कोरोना आणि एल्सांटा या दोन जाती मिठाच्या पाण्यावर शेजारी शेजारी वाढवून बघितल्या आहेत. कोरोना बरी टिकली, एल्सांटा लवकर ढासळली आणि तिच्या फळाची चवही उतरली. टिकणारी जात सोडियम-क्लोराइड मुळांत अडवून ठेवते आणि पानात कमी चढू देते, मुख्य फरक एवढाच. आपल्याकडच्या जातींत माझ्या पाहण्यात कॅमारोसा जरा तग धरते. पण कुठलीही स्ट्रॉबेरी ३.८ वर नीट फळ देत नाही, त्यामुळे जातीच्या भरवशावर पाणी खारट राहू द्यायचं नाही. सिलिकॉन, समुद्री शेवाळाचा अर्क, मायकोरायझा यांनी ताण थोडा हलका होतो हे मानते, पण निचरा न सुधारता त्यांवर खर्च करणं मला पटत नाही. आणि थोडा क्षार वाढवला की फळ गोड होतं, ही टोमॅटोवाल्यांची युक्ती इथे आणू नका. टोमॅटोला ती परवडते. स्ट्रॉबेरीत आधी फळाचा आकार जातो, मग संख्या, आणि पानं करपली की साखर बनवणार कोण?

निचऱ्याचं पाणी कुठे सोडायचं याचाही विचार आत्ताच करा. रोज सहा-सातशे लिटर क्षाराचं पाणी एकाच बांधावर काळ्या जमिनीत सोडलंत तर तो तुकडा चार-पाच वर्षांत पांढरा पडेल. मिरज-वाळव्याकडच्या क्षारपड जमिनी बघून या, एकदा बिघडलेली काळी जमीन सुधारायला किती वर्षं जातात ते कळेल. हे पाणी गोळा करून आलटून पालटून गवताला द्या. बांधावर नारळ असतील तर फारच छान, नारळाला पोटॅशियमही लागतं आणि क्लोराइडही मानवतं.

पुढच्या हंगामासाठी एक सुचवते. तुमच्या पॉलिहाऊसचं छत सुमारे एक हजार चौरस मीटर आहे. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर सात लाख लिटर पाणी पडतं. गळती, सांडणं धरून पाच लाख तरी हाती लागेल. सात हजार रोपांना निचऱ्यासकट दिवसाला सव्वादोन ते अडीच हजार लिटर लागतं, सहा महिन्यांत साडेचार लाखांच्या आतच. म्हणजे छताला पन्हळ आणि खाली प्लास्टिक अंथरलेलं, वरून झाकलेलं शेततळं एवढ्यावर अख्खा हंगाम निघू शकतो, आणि पावसाच्या पाण्यात सोडियम जवळजवळ नसतो. झाकणं मात्र विसरू नका. उघड्या तळ्यातलं पाणी उन्हाने आटतं आणि क्षार मागे राहतो. सगळं नाही जमलं तरी निम्मं पावसाचं, निम्मं बोअरचं केलंत तरी बॅगेतला सोडियम निम्म्यावर येईल. आरओ बसवायचा विचार असेल तर आधी हे करा. आरओतून निघणारं खारं पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न त्याच्याबरोबर येतोच.

राहिला शेवटचा प्रश्न, ही झाडं ठेवायची की उपटायची. आत्ता उपटू नका. करपलेली जुनी पानं देठासकट काढा, त्यांत साठलेलं क्लोराइडही त्यांच्याबरोबर जाईल. एका वेळी दोन-तीनच काढा आणि झाडाला निदान पाच चांगली पानं ठेवा. बॅगा धुऊन झाल्या की दहा-बारा दिवसांनी मधलं नवीन पान बघा. ते स्वच्छ, फिकट हिरवं, दाते शाबूत असं उघडलं आणि पहाटे त्यावर थेंब दिसले, तर जानेवारीच्या अखेरचा बहर तुम्हाला मिळेल. ज्या बॅगेत धुतल्यावरही कोपऱ्यातलं पाणी तीनच्या खाली येत नाही आणि पिळताना मुळं पांढरी न दिसता तपकिरी, सालटं सुटलेली दिसतात, तेवढ्या बॅगा बाजूला काढा. तीन बॅगा ठरवून त्यांवर खूण करा, रोज दुपारी एकाच वेळी त्यांचा निचरा आणि ईसी वहीत लिहा, आणि आठ दिवसांचं पान प्रयोगशाळेच्या कागदासोबत मला पाठवा. आम्ल लिटरला किती घालायचं ते बायकार्बोनेटचा आकडा बघितल्यावरच सांगेन, तोवर पीएच मीटर लावून थेंबाथेंबाने घाला. नायट्रिक हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही.